तोंडात आवळकाठी

आमच्या गटाचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. स्वयंपाकघरात रिकाम्या बरण्या साठतात ना, तसे साठले. टाकवत नाहीत, आणि कुणी घरी आलं की एखादी काढून दिल्याशिवाय राहवत नाही. आज तुम्ही आलात, तेव्हा आता ऐका!

गट म्हणजे आम्ही काही निवृत्त शिक्षक. सदाशिव पेठेत एका क्लासच्या वरच्या खोलीत दर शनिवारी जमायचो. काम एकच. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत नव्याने लागलेल्या शिक्षकांना पहिलं वर्षभर सोबत करायची. अहो, विशीतलं पोर नुकतं डी.एड. झालेलं असतं. हातात ऑर्डर पडते, एसटीतून उतरतं, डोंगर चढून जातं, आणि समोर एकदम चार इयत्ता एका खोलीत! अडलं तर विचारायचं कुणाला? तर आम्हाला.

त्याच सुमाराला हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथे म्हणे नव्या माणसाला आठवडाच्या आठवडा 'इंडक्शन' देतात. आमचे लिमये सर म्हणाले, "आपल्याकडेही देतात की. शाळेची किल्ली देतात."

*

लिमये सर गणिताचे. त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, निखिल. आयटीत मोठ्या हुद्द्यावर. पोरगा गुणी, सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन आमच्या मदतीला यायचा. नव्या शिक्षकांचं पहिलं शिबिर त्यानेच घेतलं.

लॅपटॉप, प्रोजेक्टर, सगळा जामानिमा. पण निखिल म्हणाला, आधी एकमेकांवर विश्वास बसला पाहिजे. आमच्या कंपनीत एक खेळ घेतात. एकाने डोळे मिटून मागे पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं.

लिमये सरांनी चष्मा वर केला. "पडायला शिकवू नकोस रे. शाळेवर गेले की आपोआप पडतील. झेलायचं तेवढं शिकव."

निखिल हसला आणि म्हणाला, "सर, मी स्वतः करून दाखवतो." पाठ फिरवली, डोळे मिटले, हात छातीशी घेतले आणि धाडकन मागे पडला!

धाडकन म्हणजे खरोखरच धाडकन. शहाबादी फरशीवर. मागे उभे असलेले सगळे नवे शिक्षक हात जोडून दोन पावलं मागे सरकले होते! आम्ही धावलो, पाणी आणलं, टेंगळावर बर्फ लावला. सोलापूरकडचा मारुती नावाचा एक धिप्पाड मुलगा तिथेच उभा होता. त्याला मी म्हटलं, "अरे, झेललं का नाहीस?"

तो कळवळून म्हणाला, "मॅडम, साहेबांच्या अंगाला हात कसा लावायचा?"

*

आता आवळकाठीचं सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं काहीच कळायचं नाही.

आमची पद्धत अशी, की पंधरवड्यातून एकदा नव्या शिक्षकाच्या वर्गात जायचं, मागे बसायचं आणि त्याचं शिकवणं बघायचं. काय सांगायचं ते नंतर, एकट्याला, झाडाखाली. वर्गात चकार शब्द काढायचा नाही. आता तुम्हीच सांगा, ज्यांनी उभा जन्म बोलण्यात घालवला त्यांना गप्प बसवायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

लिमये सर मारुतीच्या शाळेत गेले. मारुती फळ्यावर भागाकार शिकवत होता. सर मागून म्हणाले, "अहो, शून्य राहिलं." मारुतीने शून्य घातलं. थोड्या वेळाने, "अहो, अक्षर मोठं काढा." मग, "अहो, त्या पोराला विचारा की!" शेवटी राहवेना, तेव्हा उठले, मारुतीच्या हातातला खडू घेतला आणि अख्खा तास स्वतःच रंगवला. मुलं खूश, सरही खूश. परत येऊन म्हणाले, "आज मजा आली हो!"

दुसऱ्या दिवशी मारुतीचा मला फोन. आवाज रडवेला. "मॅडम, पोरं विचारत्यात, कालचे खरे सर परत कधी येणार? मी खोटा झालो की हो!"

शनिवारी शिंदेबाईंनी लिमये सरांना फैलावर घेतलं. शिंदेबाई आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ. स्कुटीवरून डोंगर पालथे घालणाऱ्या आणि कुणालाही न भिणाऱ्या. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी पर्समधून एक पुडी काढली. आवळकाठी! वाळवलेला, मिठाचा, दगडासारखा कडक आवळा.

"आजपासून वर्गात शिरताना ही तोंडात टाकायची. चघळायची. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. तास तेवढ्यात संपतो."

"आणि मी चावून खाल्ली तर?" लिमये सर म्हणाले.

"चावा की! दात कुठे तुमचे आहेत, डॉक्टरांचे आहेत."

त्या दिवसापासून लिमये सर नियमाला बांधले गेले. आम्हीही बांधले गेलो.

*

माझ्या वाट्याला आली प्रज्ञा गायकवाड. धायरीला राहायची. वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, भाऊ कॉम्प्युटरवाला. पहाटे निघून एसटीने खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या कडेकडेने जायचं, मग चढ चढून वाडीवर. शाळा एका खोलीची. आणि त्या शाळेची ख्याती अशी, की तिथे शिक्षक टिकत नाही. एक आला, बदली करून गेला. एक आली, लग्न करून गेली. एकाला तर ती चढणच मानवली नाही, तो म्हणे अर्ध्यातूनच परत गेला!

पहिल्या दिवशी प्रज्ञाने मुलांना आपलं नाव सांगितलं. सगळ्यांची नावं विचारली. मग म्हणाली, "आता तुम्हाला मला काही विचारायचंय?"

दुसरीतली कांचन उठली. एवढीशी, दोन वेण्या, नाकात चमकी. म्हणाली, "बाई, तुमी कवा जानार?"

प्रज्ञाने मला हे सांगितलं तेव्हा हसायचा प्रयत्न केला, पण तिला ते लागलं होतं. कारण त्या वाडीत तिचं नाव कुणी घेईना. पोरंसोरं, आया, पाटील, सगळे तिला 'नवीन बाई' म्हणत. आधीचे सगळेही 'नवीन'च होते. जाणाऱ्याचं नाव लक्षात ठेवून करायचंय काय, असा साधा हिशेब!

"मॅडम, दिवाळीपर्यंत बघते," ती म्हणाली. "भाऊ म्हणतो, कॉल सेंटरमध्ये माझी ओळख आहे. घरापर्यंत गाडी येते, एसी असतो."

मी म्हटलं, "बघ." दुसरं काय म्हणणार? पण पोरगी अस्सल होती.

*

तिचा मी पाहिलेला पहिला पाठ! मी मागे, गोणपाटावर, तोंडात आवळकाठी.

डी.एड.ला शिकवतात, की पाठाचं नाव एकदम सांगायचं नाही. आधी प्रस्तावना करायची. असे प्रश्न विचारायचे की मुलंच बरोबर विषयावर येतील. प्रज्ञाने घोकून घोकून तयारी केली होती. पाठ पाण्याचा.

"मुलांनो, सकाळी उठल्यावर आपल्याला तोंड धुवायला काय लागतं?"

"राखुंडी!"

"बरं. आणि चूळ भरायला?"

"पानी!"

"शाब्बास! मग आपल्या घरात पाणी कुठून येतं?" आता 'नळ' म्हणतील, नळातून धरणावर जाऊ, असा तिचा बेत.

कांचन उठली. "आमच्यात झऱ्यावरनं येतं. डोक्यावर. धरनाचं पानी तुमच्यात जातंय."

खिडकीतून ते अथांग निळं पाणी दिसत होतं आणि पुण्याच्या नळाचं पाणी पिऊन आलेली प्रज्ञा फळ्यासमोर उभी. मला हसावं की रडावं कळेना, त्यात आवळकाठी घशात गेली. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण बोलले नाही!

प्रज्ञाने खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "चला, तुमचा झरा दाखवा."

सगळा वर्ग झऱ्यावर गेला. मीही गेले, धापा टाकत. तिथे पोरांनी तिला पाणी कसं भरायचं ते शिकवलं, आणि तिने त्यांना हंड्यात किती लोटे मावतात ते मोजायला लावलं. प्रस्तावना झऱ्यातच वाहून गेली म्हणा ना! पण असा पाठ मी नोकरीत असताना घेतला असता तर आयुष्यभर मिरवला असता.

परत आल्यावर कांचन माझ्यासमोर उभी राहिली. "आज्जी, तोंडात काय हाय?"

मी आवळकाठी संपल्यावर तिला सांगितलं. "बाई शिकवत असताना मागे बसणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं. म्हणून हे चघळायचं. संपलं की बोलायचं."

तिला हे फारच पटलं. त्यानंतर मी कधीही गेले की तास संपल्यावर ही माझ्यासमोर हजर. "आ करा. संपली का?" मी आ करायची. ती आत बघून खात्री करायची आणि मगच मला बोलायची परवानगी द्यायची!

*

मध्ये मारुतीचं एक सांगून घेते. निखिलने एक मोबाइल आणला. म्हणाला, आमच्याकडे हेल्प डेस्क असतो तसा आपण ठेवू. कुठल्याही शिक्षकाने कधीही अडचण विचारावी. फोन दिला लिमये सरांकडे.

तिसऱ्या प्रहरी फोन वाजला. मारुती. मागे वारा भणाणतोय.

"सर, दोन पोरं जबरी भांडाय लागल्यात! एकमेकांची गचांडी धरलीय! काय करू?"

"आधी त्या दोघांच्या मधे उभे राहा," लिमये सर म्हणाले.

"सर, जमणार नाही. मी वर टेकडीवर हाय. शाळेत रेंज नाही."

"आणि मुलं?"

"ती खाली शाळेत. इथनं बारीक दिसत्यात."

लिमये सरांनी दीर्घ श्वास घेतला. "मारुतीराव, फोन ठेवा आणि पळा."

तसा मारुतीचा आवाज म्हणजे नगारा. चार इयत्तांना दिवसभर ओरडून ओरडून घसा बसला, तेव्हा शिंदेबाईंनी त्याला युक्ती सांगितली. मुलं गलका करायला लागली की तू आवाज चढवू नकोस, उतरव. हळू बोललास की ऐकायला तीच गप्प होतात. मारुतीने ती इमानाने पाळली, आणि खरंच शाळा चिडीचूप झाली!

दुपारी शेतातून माणसं खुरपी टाकून पळत आली. "गुरुजी, पोरं कुठं गेली?"

मारुतीने तोंडावर बोट ठेवलं आणि दारातून आत दाखवलं. सगळी पोरं माना खाली घालून लिहीत होती. एक म्हातारा उंबऱ्यावरच बसला आणि बघत राहिला. शिंदेबाई हा किस्सा अजून सांगतात. मग त्या उगाच पर्स शोधतात.

*

दिवाळी आली. प्रज्ञाच्या भावाने मुलाखत ठरवली. जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. चहा निवला तरी कप हातातच. "मॅडम, जाऊ का?"

माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं म्हणून सांगू! मी मुकाट्याने उठले, डबीतली आवळकाठी तोंडात टाकली आणि तिच्यासमोर बसले. तिला हसू आलं आणि रडूही आलं. मग तीच बोलत राहिली. घरचं, पोरांचं, चढणीचं, 'नवीन बाई'चं.

म्हणाली, "भाऊ रोज मागे लागतो. बाबा काहीच म्हणत नाहीत. काल फक्त एवढंच म्हणाले, 'तुला हवं ते कर. पण आमच्या गावात एक मास्तर आला आणि गेला नाही. म्हणून मी शिकलो.'"

मुलाखतीचं तिने नंतर सांगितलं. गुळगुळीत टेबल, थंडगार खोली, टायवाला मुलगा. सगळं छान चाललं होतं. इंग्रजीही बरं बोलली. मग त्याने विचारलं, पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?

प्रज्ञा शुद्ध मराठीत म्हणाली, "पाच वर्षांनंतरचं पाच वर्षांनी बघू सर. आत्ता माझ्या पहिलीची जोडाक्षरं राहिलीत."

आणि उठली! शनिवारी हे ऐकून निखिलने टाळ्या वाजवल्या. लिमये सर म्हणाले, "माझ्या ओळखीत पहिल्यांदाच कुणीतरी आयटीला नापास केलं!" आम्ही चितळ्यांची, नाही हो, साध्या कोपऱ्यावरच्या दुकानातली बाकरवडी आणून साजरं केलं.

पण वाडीला त्याचं काय? प्रज्ञा सुट्टीनंतर परत गेली तरी 'नवीन बाई'च. संक्रांत झाली, तरी नवीन बाई. होळीला पोळीचा नैवेद्य घेऊन आलेली म्हातारीही म्हणाली, "नवीन बाईला द्या गं."

प्रज्ञा मला म्हणाली, "मॅडम, मी आता जाणार नाही. पण यांना सांगू कसं? सांगून का पटतं?"

*

शेवटचा किस्सा उन्हाळ्याच्या तोंडचा.

हे नवे शिक्षक आधी शिक्षणसेवक, म्हणजे कच्ची नोकरी. पक्की व्हायची तर वरच्या साहेबांचा शेरा चांगला लागतो. प्रज्ञाच्या शाळेवर एक साहेब येणार असा निरोप आला. साहेबांचा लौकिक असा, की त्यांच्या भेटीनंतर शिक्षक आठवडाभर जेवत नाहीत. प्रज्ञाचा चेहरा उतरला. शेरा वाईट गेला तर तिला स्वतःहून न जाताही वाडी सोडावी लागणार होती, आणि वाडी म्हणणार, बघा, हीसुद्धा गेली!

मी लिमये सरांना बरोबर घेतलं. आम्ही दोघं मागे, गोणपाटावर, तोंडात आवळकाठी. साहेब आले. खुर्ची पुढे फळ्याजवळ ओढून बसले. पाय पसरले.

प्रज्ञाने पाठ सुरू केला. दोन वाक्यं झाली नाहीत तोच साहेब म्हणाले, "असं नाही बाई. आधी चित्र दाखवायचं." तिने चित्र दाखवलं. "उंच धरा. मागच्यांना दिसतंय का?" तिने उंच धरलं. "प्रश्न असा विचारतात होय? डी.एड. कुठून केलंत?"

मुलं माना खाली घालून बसली. प्रज्ञाने चित्र ठेवलं आणि खडू उचलला. तो फळ्यावर टेकवला आणि तिथेच थांबली. माझ्या शेजारी लिमये सर लालबुंद झाले होते. मी त्यांचा सदरा गच्च धरून ठेवला. त्यांनी तो कडक आवळा दातांखाली घेतलाय हे मला ऐकू येत होतं. पण मानलं पाहिजे, चावला नाही, बोललेही नाहीत!

तेवढ्यात कांचन उठली.

ती पुढे गेली नाही, मागे आली. माझ्या पिशवीत हात घातला. तिला पुडी कुठे असते ते माहीत होतं. एक आवळकाठी काढली आणि शांतपणे चालत साहेबांच्या खुर्चीपाशी गेली. तळहातावर ठेवून पुढे केली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"तोंडात टाका," कांचन म्हणाली. "आन् मागं बसा. प्रज्ञाबाई आमच्या शिकवत्यात, तवा मधी बोलायचं न्हाय."

प्रज्ञाचा खडू फळ्यावर टेकलेला तसाच राहिला.

साहेबांनी मागे पाहिलं. गोणपाटावर आम्ही दोन पिकली पानं, दोघांचे गाल फुगलेले, दोघंही मुकी. लिमये सरांनी सरकून शेजारी जागा केली आणि गोणपाट हाताने झटकलं.

काय झालं कोण जाणे, साहेबांनी आवळकाठी घेतली. तोंडात टाकली. उठले आणि आमच्या शेजारी मांडी घालून बसले.

मग प्रज्ञाने शिकवलं. काय शिकवलं म्हणून सांगू! पोरं हात वर करकरून उड्या मारत होती, पहिलीतली पोरं चौथीच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. तास कधी संपला कळलंच नाही. साहेब उठले, कोट नीट केला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"थांबा," कांचन म्हणाली. "आ करा."

साहेबांनी सगळ्या वर्गासमोर आ केला. तिने टाचा उंचावून आत नीट बघितलं आणि वळून विचारलं, "प्रज्ञाबाई, यांची संपली. बोलू द्यायचं का?"